आखाजीचे मांडे

पंचांगात अक्षय्य तृतीया लिहिलेलं असतं. शहरातली माणसं त्या दिवशी ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं घेतात. आमच्या जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत ती आखाजी. दिवाळीला लेक आली नाही तर माणसं समजून घेतात, म्हणतात, असेल काही अडचण. आखाजीला आली नाही तर गावभर विचारणा होते.

याला कारण आहे. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो. कापूस वेचून, विकून झालेला असतो. गहू, हरभरा, दादर घरात आलेली असते. नांगरटी झालेल्या असतात आणि पाऊस अजून महिना-दीड महिना लांब असतो. घरात दाणा आहे आणि बाईच्या हाताला जरा उसंत आहे, असे दिवस शेतकऱ्याच्या वर्षात फार नसतात. त्या दिवसांत ही आखाजी बसवली आहे. लिंबाला झोके बांधले जातात, पोरी गौराईची गाणी म्हणतात, लग्न झालेल्या लेकी महिन्याभरासाठी पुन्हा पोरी होतात. सालदाराचं सालही आखाजी ते आखाजी. त्याच दिवशी जुना हिशेब मिटतो आणि नवा ठरतो. पितरांची घागर भरायची तीही त्याच दिवशी. घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे. पितरांना आंबा दाखवल्याशिवाय आमच्या घरात कुणी आंब्याला तोंड लावत नसे.

या एवढ्या सगळ्या कारभाराचं एक जेवण असतं. खापरावरची पुरणाची पोळी, म्हणजे मांडे. सोबत आमरस, दूध, तूप, कटाची झणझणीत रशी, कुरडई, पापड, भजी. बाकीचं सगळं कमीजास्त झालं तरी चालतं. मांडा पाहिजे.

ज्यांनी मांडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तव्यावरच्या पुरणपोळीशी त्याची गल्लत करू नका. ती पोळपाटावर लाटतात, ही हातावर होते. गहू आदल्या दिवशी पाण्याचा हात लावून ओलवायचे, रात्रभर फडक्यात दाबून ठेवायचे, सुकवायचे, दळायचे. पीठ पातळ लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं, म्हणजे कोंड्याचा कणसुद्धा राहायला नको. कोंडा राहिला तर पोळी ताणताना तिथंच भोक पडतं. कणीक मीठ आणि थोडं तेल घालून भिजवायची, आणि मग तिला मळायची. मळायची म्हणजे परातीत आपटायची, ओढायची, पाण्याचा हात लावायचा, पुन्हा आपटायची. अर्धा-पाऊण तास. कणीक तार धरते. चिमूट ओढून पाहिली तर पडद्यासारखी पातळ होते आणि पलीकडचं बोट दिसतं. तेव्हा ती झाली.

पुरणाला हरभऱ्याची डाळ शिजवून कट वेगळा काढायचा. त्याचीच रशी होते, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, मिरची पाट्यावर वाटून. डाळीत आमच्या घरी निम्मा गूळ, निम्मी साखर. वेलदोडा, जायफळ. पुरण पाट्यावर लोण्यासारखं वाटायचं. त्यात एक डाळ अख्खी राहिली तरी ती पोळीला फाडते.

मग कणकेच्या दोन पाऱ्या, मध्ये मुठीपेक्षा मोठा पुरणाचा गोळा, कडा बंद. थोडं लाटून झालं की पोळी उचलून दोन्ही हातांवर घ्यायची आणि फिरवायची. ती हातांवर फिरत जाते, तशी आपल्याच वजनाने वाढत जाते. आधी मनगटापर्यंत येते, मग कोपरापर्यंत. हाताएवढा व्यास झाला की एका झटक्यात ती उलट्या खापरावर टाकायची. खापर म्हणजे कुंभाराने घडवलेलं मातीचं मोठं, पसरट भांडं. चुलीवर पालथं घातलेलं. माती आच धरून ठेवते आणि सगळीकडे सारखी देते, लोखंडासारखी एका जागी जाळत नाही. पोळी एवढी पातळ असते, की मिनिटभरात डाग पडतात. उलटवायची, उतरवायची, चौघडी घालून टोपल्यात ठेवायची. पोळी कुठं फाटली तर पुरण खापरावर सांडतं आणि त्यातला गूळ क्षणात करपतो. मग धूर, वास, आणि पुढची पोळी तिथंच चिकटते. म्हणून हातात ओला फडका तयार ठेवायचा.

आता हे काम एकटीचं नाही. एक पाऱ्या भरून देणारी, एक हातावर घेणारी, एक खापरावर बघणारी, एक जाळ घालणारी. चार जणी लागतात. आमच्या घरी तीस माणसांच्या पंगतीला चार किलो डाळ लागायची. त्यात पंचेचाळीसेक मांडे होत. एका मांड्याला तीन-चार मिनिटं धरली तरी तीन तासांची आग. वर वैशाखाचं ऊन, खाली पऱ्हाट्यांचा जाळ. माझ्या मायच्या दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळे डाग होते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या माय अशाच असतात. आमच्या गल्लीत तरी होत्या.

मांड्याचा आणि खापराचा विषय निघाला की मुक्ताईची गोष्ट निघतेच. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही आई-बापाविना चार लेकरं. मांडे करायचं ठरलं, पण विसोबाने कुंभारांना सांगून ठेवलं, या पोरांना कुणी खापर द्यायचं नाही. मुक्ताई रडत घरी आली. मग ज्ञानदेवांनी योगाने अंगातला अग्नी चेतवला, पाठ तापून लाल झाली आणि मुक्ताईने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. हे बघून विसोबा शरण आला. कीर्तनात ही गोष्ट आली की बुवा योगसामर्थ्यावर बोलतात. माझी माय वेगळंच बोलायची. ती म्हणायची, गावाने वाळीत टाकलं म्हणजे काय करतात बघ, आधी चूल बंद करतात. आणि घरात पाठ द्यायला भाऊ असला तर चूल बंद पडत नाही. मुक्ताई शेवटी आमच्याच जिल्ह्यात आली. शके १२१९, म्हणजे १२९७ साली, वैशाखात, तापीच्या काठी विजेच्या लखलखाटात ती गुप्त झाली असं वारकरी मानतात. पूर्वी एदलाबाद म्हणायचे त्या तालुक्याच्या गावाला आता मुक्ताईनगर म्हणतात. आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. आखाजी वैशाखात आणि मुक्ताईचं गुप्त होणंही वैशाखात. त्यामुळे मायच्या डोक्यात हे दोन्ही एकत्रच होतं. पहिली पोळी खापरावर टाकताना ती ‘मुक्ताई’ एवढंच म्हणायची.

पहिले काही मांडे घराबाहेर जायचे. कुंभाराच्या घरी, कारण खापर आणि घागर त्याची. सालदाराच्या घरी, कारण साल त्याच्या जिवावर निघालं. दोन घरं म्हाताऱ्यांची होती, तिथं. मग आगारी. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून पितरांच्या नावाने मांड्याचा, रसाचा घास टाकायचा. मग पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग पाहुण्या लेकींची. करणाऱ्या चौघी सगळ्यात शेवटी. दुपारचे चार वाजलेले असायचे. तोपर्यंत टोपल्याच्या तळाशी फाटलेले, चिकटलेले मांडे राहिलेले असत आणि रस संपलेला असे. माय म्हणायची, आम्हाला धुराने पोट भरल्यासारखं होतं, भूकच लागत नाही. मी हे कित्येक वर्षं ऐकलं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यातलं एकेक सुटत गेलं. पाटा गेला, मिक्सर आला, त्याचं काही वाईट वाटलं नाही. पऱ्हाट्या गेल्या. कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ खापराला उत्तम, चटकन पेटतो, चटकन आवरता येतो. पूर्वी घरामागे पऱ्हाट्यांची गंजी असायची. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि तेव्हापासून कृषी खात्याची माणसं सांगू लागली, की पऱ्हाट्या रचून ठेवू नका, अळी त्यात दडून बसते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. खरं आहे ते. आता बरेच जण ट्रॅक्टरने पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत गाडतात. जमिनीला चांगलं, चुलीला काही उरत नाही. आम्ही तुरीच्या काड्या आणि बाभळीच्या फाट्या ठेवतो.

चार जणी कमी झाल्या ही मोठी गोष्ट. घरं लहान झाली. सुना नोकरीला लागल्या, कुणी नाशिकला, कुणी पुण्याला. जळगावात, धुळ्यात आता मांडे विकत मिळतात. ज्या बायकांच्या हातात हे कसब आहे त्या लग्नाच्या जेवणावळीत, खाद्यजत्रांत मोठी चूल मांडून बसतात आणि लोक रांग लावून घेतात. मला हे बघून बरं वाटतं. ज्या हाताला आयुष्यभर शेवटचा फाटका मांडा मिळाला, त्या हाताला मोल मिळालं. पण आखाजीची आगारी विकतच्या मांड्याची टाकायची का, हा प्रश्न आमच्या घरात आला तेव्हा त्याचं उत्तर सोपं नव्हतं.

मधेच एक दुसरी गोष्ट सांगतो. माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. काही वर्षांपूर्वी नाताळात त्याच्या कंपनीतल्या एका गोऱ्या माणसाने त्याला घरी जेवायला बोलावलं. भाचा माळकरी घरातला, मांस खात नाही, पण बघायची हौस. रात्री मला फोनवर सांगत होता, “मामा, डुकराची अख्खी मागची मांडी होती. मिठात मुरवलेली, धुरी दिलेली. वरून सुरीने शंकरपाळ्यासारख्या रेघा मारल्या होत्या, प्रत्येक चौकटीत एक एक लवंग टोचलेली. दोन-तीन तास भट्टीत. शेवटी शेवटी गूळसाखर, मध, मोहरीचं वाटण असा लेप लावतात, तो तकतकीत होतो. लेप आधी लावला तर करपतो म्हणे.”

मी म्हटलं, “तिकडे मांडी, इकडे मांडे. आणि गूळ दोन्हीकडे करपतोच.”

तो हसला. पण मग त्याने सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. त्या घरात हे काम आधी आजी करायची. ती गेल्यावर दोन वर्षं त्यांनी दुकानातून तयार आणलं. मग त्या गोऱ्यानेच आजीच्या वहीत बघून सुरुवात केली. तो म्हणे, एवढी मोठी मांडी एका-दोघांसाठी कुणी भाजत नाही. ती भाजायची असली की वीस माणसं बोलवावी लागतात. ती बंद झाली तर माणसंही यायची बंद होतील. आमचा मांडाही तसाच आहे. एका माणसासाठी कुणी खापर तापवत नाही.

२०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती. टाळेबंदी चालू होती. रस्त्यावर पोलीस, गावाच्या वेशीवर बांबू आडवे. माझ्या तीन बहिणी, एक शिरपूरकडे, एक चोपड्याला, एक धुळ्याला. एकीलाही येता आलं नाही. मायचं वय ८२. तिच्या आठवणीत आखाजीला लेक आली नाही असं वर्ष नव्हतं. आमच्या मंडळींचा उजवा खांदा आखडलेला, हात डोक्याच्या वर जात नव्हता. सून नाशिककडची, हुशार, पण मांडा तिने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. शेजारच्या बायकांना बोलवायची सोय नाही, सगळे एकमेकांना भीत होते. मी मायला म्हटलं, यंदा तव्यावरच्या पोळ्या करू. ती खाटेवर बसली होती. म्हणाली, “आखाजीना दिन घरमा मांडा नही, ते पितर काय उपाशी जातीन?” आणि तोंड फिरवून बसली.

माझा मुलगा पुण्याहून कंपनीचं काम घरून करायला आला होता. लग्नाआधी तीन-चार वर्षं खोलीवर राहून स्वतः पोळ्या लाटलेला. तो म्हणाला, “आजी, तू सांग, मी करतो.”

मायने त्याच्याकडे बघितलं. बाप्या माणसाने चुलीपुढे बसायचं हे तिच्या ८२ वर्षांत बसत नव्हतं. पण आखाजीला मांडा नाही, हे त्याहून बसत नव्हतं. तिने खाट चुलीजवळ आणायला लावली.

कणीक त्याच्याकडून तिने तीनदा मळून घेतली. पहिली पोळी हातावर घेतली तशी ती मधोमध फाटली आणि पुरण त्याच्या पायावर पडलं. दुसरी खापरावर पडली, पण गोल नाही, कुठल्यातरी देशाचा नकाशा. माझी नात तेव्हा तीन वर्षांची, ती टाळ्या वाजवू लागली. माय म्हणाली, “फाटनी ते फाटनी. फाटेल बी पोटमाज जास.” मग सांगत राहिली. “हात कडक करू नको. ढिला सोड. ती तिना वजनवर वाढस.” पोळीला ओढायचं नाही, तिला फक्त फिरायला जागा द्यायची. पोराच्या कपाळावरून घाम खापरावर टपकत होता. सातवी पोळी कोपरापर्यंत आली आणि अलगद बसली. माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आते हात उना.” आता हात आला.

घरात माणसं मोजून सहा. मांडे अकरा झाले, त्यातले चार धड. बहिणी फोनच्या व्हिडिओवर बघत होत्या आणि तिघीही रडत होत्या. धुळ्याची बहीण डोळे पुसत म्हणाली, “दादा, मी माहेरी आले असं समज.”

पुढच्या दोन आखाज्यांना माय होती. खाटेवरून सांगायची, पोरगा करायचा. २०२२ च्या मार्गशीर्षात ती गेली. झोपेतच गेली, कुणाला काही करायला लावलं नाही.

तिची पहिली घागर २२ एप्रिल २०२३ ला आली. त्याच दिवशी रमजान ईदही होती. सकाळी शेजारच्या गल्लीतून शीरखुर्म्याचा डबा आला. मायच्या हातचा मांडा त्या घरी वर्षानुवर्षं जात असे. डबा देणारी बाई उंबऱ्यातच थांबली आणि आत खाटेची जागा रिकामी बघून काही न बोलता माघारी गेली.

तिन्ही बहिणी आल्या होत्या. मुलगाही पुण्याहून दोन दिवस आधी येऊन गहू ओलवून बसला होता. आदल्या रात्री अंगणात बोलणं निघालं. शिरपूरची आक्का सगळ्यांत मोठी, मायच्या खालोखाल तिचाच शब्द. ती म्हणाली, “रोजचं राहू द्या. ही मनी मायनी पहिली घागर शे. तिले बाईना हातनाच घास पाह्यजे.” पोराच्या हातचे मांडे आपण खाऊ, कौतुकाने खाऊ, पण आगारीला नको. चोपड्याची म्हणाली, मग कोण करेल? आक्काचे गुडघे गेलेले, तिचं स्वतःचंच मांडे करणं पाच वर्षांपूर्वी सुटलेलं. धुळ्याच्या बहिणीने हळूच सुचवलं, धुळ्यात एक बाई घरपोच करून देते, चांगल्या हाताची आहे, सकाळी गाडीने मागवू. त्यावर कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मुलगा सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, “आत्या, आजीने मला शिकवताना आगारीचं वेगळं काही सांगितलं नव्हतं.” आणि उठून गेला.

सकाळी सातला त्याने खापर चुलीवर चढवलं. नवं खापर होतं. नव्या खापराला एकदम मोठा जाळ सहन होत नाही, तडकतं. त्याने तासभर मंद आचेवर तापवलं. सुनेने पाऱ्या भरायला घेतल्या, तीन वर्षांत तीही शिकली होती. आक्का ओट्यावर बसून बघत होती. पहिली पोळी त्याने हातावर घेतली, फिरवली, कोपरापर्यंत आणली. टाकायच्या आधी थांबला आणि ‘मुक्ताई’ म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याने ते फक्त ऐकलं होतं.

आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून ठेवून चुलीपाशी आली, पदर खोचला आणि जाळ घालायच्या जागी बसली. चौघींतली ती सगळ्यांत धाकटीची जागा. धूर त्याच बाजूला येतो. लग्नाआधी आक्का तिथं बसायची, त्याला पन्नास वर्षं झाली. म्हणाली, “चूल मी देखस. तू पोयी टाक.”

आगारी त्याच मांड्याची पडली. तूप पेटलं, धूर सरळ वर गेला. पुढे काही अघटित झालं नाही.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र वेगळी झाली. वीस-बावीस मांडे झाल्यावर पोराने हात धुतले आणि म्हणाला, “आता आई, आत्या आणि ही बसतील. उरलेले मी करतो. आबा जाळ घालतील.” आबा म्हणजे मी. बहिणी नको नको म्हणाल्या, पुरुषांआधी कसं बसायचं? पण टोपलं गरम होतं, रसाचं पातेलं भरलेलं होतं आणि अकरा वाजले होते. बसल्या. मी तुरीच्या काड्या घेऊन आक्काच्या जागेवर बसलो.

त्या जागेवरून मांडा वेगळा दिसतो. पंगतीत तो चौघडी घातलेला, तुपाने माखलेला येतो. इथं तो डोक्याच्या वर फिरतो, त्याच्यातून उजेड दिसतो, आणि तुम्हाला तो नीट बघता येत नाही, कारण डोळ्यांत धूर असतो आणि नजर जाळावर ठेवावी लागते. एक काडी जास्त झाली तर पोळी करपते, एक कमी पडली तर ओली राहते. तीन तासांतला पाऊण तास मी तिथं होतो. तेवढ्यात पाठ भरून आली. भूक मात्र गेली नाही, चांगली कडकडून लागली होती. मायलाही लागतच असणार.

आक्का रसात मांडा बुडवून खात होती. मध्येच म्हणाली, गरम मांडा पहिल्यांदाच खाल्ला. कुणालाच त्यावर बोलायला सुचलं नाही. मग धुळ्याची बहीण म्हणाली, अगं, मीही.

तेव्हापासून आमच्या घरात ठरलं आहे. अर्धे मांडे झाले की माणसं बदलतात. ज्यांनी आधी केलं ते जेवायला बसतात, ज्यांनी खाल्लं ते चुलीपाशी येतात. गावात याची थोडी थट्टा झाली. दोन जावयांनी पहिल्या वर्षी पोटदुखीचं कारण काढलं. पण एक जावई बँकेत आहे, तो आता कणीक अशी आपटतो की शेजारी विचारतात, काय चाललं आहे. नात मोठी झाली. कणकेचा लहान गोळा घेऊन मनगटापर्यंत आणते, पुढे फाटतो. आम्ही तिला तिच्या पणजीचंच वाक्य सांगतो.

आमचा कुंभार आता खापरं मोजकीच करतो. चैत्रातच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर आठवडे बाजारात मिळेल याचा भरवसा नाही. यंदा मी दोन सांगितली आहेत. एक घरासाठी. दुसरं न्यू जर्सीच्या भाच्याने मागितलं आहे. कपड्यांत गुंडाळून विमानाने नेणार म्हणतो. मी त्याला सांगितलं, वाटेत फुटलं तर ते आमच्यावर फोडू नको. आणि विचारलं, तिकडे एकटा कसा करशील? पाऱ्या भरायला बायको आहे, पण खापर बघायला आणि जाळ घालायला कोण?

तो म्हणाला, “मामा, तो मांडीवाला गोरा आहे ना, त्याला बोलावतो. त्याला आच कळते.”